फोटोपुरती शाल

"प्रत्येकाला नवी शाल म्हणजे निव्वळ उधळपट्टी, साहेब," हिशेब विभागाचे प्रमुख खासनीस म्हणाले. कंपनीची पुनर्रचना चालली होती. म्हणजे रोज कुणाला तरी नारळ मिळत होता, आणि निरोपाची रीत म्हणून वर शालही.

खासनिसांनी तोड काढली. शाल एकच, पांघरवून फोटो काढायचा की लगेच परत घ्यायची. "परत येते ती खर्चात धरत नाहीत, मालमत्तेत धरतात," असं म्हणत त्यांनी खुर्च्यांना असतं तसलं क्रमांकाचं स्टिकर तिच्या काठाला डकवलं. साहेब बेहद्द खूश झाले. पुढे स्टोअरचे भोईटे शाल घट्ट धरून रडायला लागले, तेव्हा खासनिसांनीच ती गोड बोलून सोडवून घेतली.

शुक्रवारी हॉलमध्ये बोलावणं आलं. खासनीस सवयीने कपाटातली शाल घेऊनच गेले. "आज कुणाची पाळी?"

साहेबांनी शाल त्यांच्याच खांद्यांवर घातली. फोटो निघाला. स्टिकर मानेला टोचलं, आणि खासनिसांची मूठ नकळत शालीवर आवळली.

"सोडा, खासनीस," साहेब गोड आवाजात म्हणाले, "ती मालमत्ता आहे. खर्चात आम्ही तुम्हाला धरलंय."