खोलीत दुसरं कोणी

शिष्यवृत्तीची परीक्षा घरूनच, मोबाईलवर द्यायची होती. खोलीत दुसरं कोणी असता कामा नये, एवढीच अट. म्हणून आई कोंबड्या हाकलत बाहेर ओट्यावर बसली आणि सृष्टीने आतून कडी घातली.

चौथ्या प्रश्नाला मोबाईल थरथरला. ‘खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे.’ तिने दचकून मागे पाहिलं. कोणीच नव्हतं. नवव्या प्रश्नाला पुन्हा तेच, आणि खाली लाल अक्षरांत, ‘शेवटची सूचना. यानंतर पेपर बंद होईल.’

“आई, खिडकीतून डोकावलीस का गं?”

“न्हाई बाई, मी हितंच हाय.”

मग तिचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं तिचा चेहरा दिसत होता, त्याच्याभोवती हिरवी चौकट. आणि खांद्यामागे दुसरी चौकट, लाल. दिवाळीत वारलेल्या तिच्या वडिलांभोवती, अण्णांभोवती. घोडेगावच्या बाजारात बैल घेतला तेव्हाचा फोटो, मोठा करून, हार घालून भिंतीवर लावलेला.

तिने धावत जाऊन फोटो उतरवला, कडी काढली आणि तो आईच्या हातात दिला.

“आगं, आज तरी त्यांना तुझ्यापाशी राहू दे की!”

“आई, मोबाईल म्हणतोय, खोलीत अजून एक माणूस हाय. पेपरच बंद करील तो!”

फोटो छातीशी धरून आई मोबाईलकडे बघतच राहिली.

“त्यालाबी दिसत्यात व्हय? मला वाटलं हुतं, मलाच दिसत्यात.”