आधी तू

काच. आत आजी, बाहेर ठमी.

ठमीने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि गाल फुगवून चावला. चव नव्हती. अंग तापाने फणफणत होतं. आत आजींनी तिच्याकडे बघत आ केला. सिस्टरने चटकन चमचाभर सूप आत सरकवलं.

गिळलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

वृद्धाश्रमात फ्लू शिरला होता. तळमजल्यावरचे दोघे गेले, त्यांच्या गाद्या उन्हात पडल्या होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडावर मास्क. आजींना आता नावं आठवत नसत. एक चेहरा तेवढा उरला होता, भरवणाऱ्या बाईचा. तिला त्या ठमी म्हणत. मास्कवाले सगळे दरोडेखोर. त्यांच्या हातचं पाणीही नको. आणि ठमीलाही अट होती: "आधी तू खा." एक वाटी, एकच चमचा. इतके दिवस सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. ठमीला ताप आला, तेव्हा सिस्टरला तो चमचा आठवला. ठमीला तिने आल्या पावली घरी पाठवलं.

"परत आलीस? मरायचंय का?" आज ती दिसताच सिस्टर खेकसली होती.

"आणि त्यांना उपाशी मारता ते? काचेबाहेरून तर दिसू द्या मला."

अर्धी वाटी संपली. शेजारच्या खोलीत कुणाला तरी ढास लागली. सिस्टर वाटी ठेवून धावली.

ठमीच्या हातातला पाव संपला होता. आजींनी ते पाहिलं. उठल्या. चमचा भरला. दुसऱ्या हाताने कडी काढली.

खिडकी उघडली.

"घे गं ठमे. किती वाळलीस! आधी तू."

"आजी, लावा ती खिडकी!"

"खाल्ल्याशिवाय नाही."

चमचा ठमीच्या ओठांपाशी आला. तिच्यानंतर तो कुणाच्या तोंडात जाणार, हे तिला पाठ होतं. ती मागे सरली. खिशातला मास्क काढला. पार डोळ्यांपर्यंत चढवला.

चमचा थांबला. सूप चौकटीवर सांडलं.

"कोण गं तू?"

ठमी बोलली नाही. आवाज ओळखला असता.

खिडकी धाडकन लागली. कडी बसली. आजी काचेला नाक लावून अंगणात कुणाला तरी शोधू लागल्या.

"ठमे," त्या आतून ओरडल्या, "पळ! दरोडेखोर आलाय!"