बाहुली कुणाच्या घरी द्यायची

मोहने गावच्या कलावतीबाई चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या. या बाहुल्या ठाण्यातल्या प्रदर्शनात विकून द्यायच्याच, असं बचत गटाच्या रुचितानं मनावर घेतलं होतं. स्टॉल मिळाला, बोर्ड लागला, पहिलं गिऱ्हाईकही आलं. कलावतीबाईंनी त्या बाईंच्या हातातली बाहुली हळूच काढून घेतली.

"घरी कोण कोण असतं?"

"मी, मिस्टर आणि कुत्रा."

"मग नको. कुत्रा ओढेल हिला."

रुचितानं त्यांना बाजूला घेतलं. "काकू, असं विचारतात का कुणी?"

"मुलगी देताना विचारतातच की."

दुपारपर्यंत एकही बाहुली गेली नाही. पण बातमी हॉलभर पसरली आणि नकार मिळालेल्या बायका हट्टाला पेटल्या. कुणी मोबाइलवर घराचे फोटो दाखवू लागलं, कुणी हमी द्यायला सासूलाच घेऊन आलं. संध्याकाळी टेबलावर एकच बाहुली उरली.

"काकू, ही मी घेऊ?" रुचितानं विचारलं.

कलावतीबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"वेळच नाही मिळाला."

"मग हिला काय सांभाळणार तू?" म्हणत त्यांनी बाहुली पिशवीत ठेवली.