जावयाचा घसा

“आ करा, जावईबापू.”

जावयाने मुकाट्याने आ केला. सासूबाईंनी कापसाची काडी घशात फिरवली, तसा तो खोकला.

“धुळीचा खोकला आहे, आई. लहानपणापासूनचा.”

“असेल हो. पाहिलेलं बरं.”

मग तुलनेसाठी, नेहमीच्या सवयीने, त्यांनी दुसरी काडी स्वतःच्या घशात फिरवली.

धुळीचा असेल कसला! प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यात सासूबाईंचे केस पिकले होते. अपघातानंतर लेकीची प्लीहा काढावी लागली, आणि तेव्हापासून लस टोचूनही एकच जंतू दोनदा तिच्या रक्तात शिरला होता. तिसऱ्यांदा शिरला तर वाचवणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जंतू मोठा लबाड. अंगावर साखरेचं जाड आवरण पांघरतो आणि शरीराच्या पहारेकऱ्यांच्या हातून सुळकन निसटतो. त्याला गाठावं ते प्लीहेनेच. धडधाकट माणसाच्या घशात तो खुशाल बिऱ्हाड थाटतो, माणसाला पत्ताही लागत नाही.

जावईही तसाच, गोड बोलून गळा कापणारा. घरात आला की हात धुणार, तोंडाला मास्क लावणार, बायकोपासून लांब बसून जेवणार. एवढी सोंगं कशाला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

निकालाची वाट न बघता त्यांनी लेकीला आपल्या घरी आणलं. आपल्या खोलीत निजवलं, दूध आधी चाखून, मग फुंकून पाजलं. त्या स्वतः ठणठणीत होत्या. उभ्या जन्मात साधं पडसं नाही.

दोन्ही काड्या फिरवून जंतू वाढवायला ठेवलेल्या दोन्ही प्लेटांची झाकणं त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उघडली. एकीवर निरुपद्रवी, कोरडे ठिपके. दुसरीवर पाण्याच्या थेंबांसारखे ओले, चकचकीत ठिपके दाटले होते. साखरेचं आवरण असंच चमकतं. सापडला! त्यांना राग आला आणि हायसंही वाटलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

“आता त्या घरात पाऊल टाकायचं नाही. माझ्याजवळच राहायचं.”

“बरं,” लेक म्हणाली. “आई, सकाळपासून जरा थंडी वाजतेय गं.”

“पांघरूण घे. आलेच मी.”

डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्यांनी ती चकचकीत प्लेट उचलली आणि खालचं नाव वाचायला उलटी केली. तळाशी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मी’.