हळदीचं बोट

“आईची चौकट रिकामीच राहू दे,” जुन्या खणाची किनार कातरत कुमुदमावशी म्हणाली. “तिचा फोटो आहेच कुठे? फोटोवाला आला की बाई स्वयंपाकघरात पळायची.”

मावशीची चिकटवही रेणुका टॅबवर उतरवत होती. मावशी कागदावर खणाचे तुकडे, वाळलेली बकुळफुलं, जुन्या पत्रिका चिकटवायची. भाची पानाचा फोटो काढून रंग उजळायची, डाग पुसायची. दोघींचं मस्त जमलं होतं.

मावशीच्या लग्नपत्रिकेचं पान तिने मोठ्या हौसेने पुढे केलं. “बघ, कोरी करकरीत!”

मावशी बघतच राहिली. “कोपऱ्यातली हळद कुठे गेली गं? पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना आईनं लावलेलं बोट होतं ते.”

रेणुकाचा चेहरा उतरला. पुसलेला डाग तिने घाईघाईने परत आणला आणि नीट दिसावा म्हणून दोन बोटांनी ताणून मोठा केला. पिवळ्या ठिपक्यात बारीक, गोल फिरणाऱ्या रेषा दिसू लागल्या. मधोमध एक आडवी चीर.

“अगंबाई, हा तर विळीचा वण! तू ताईच्या पोटात होतीस ना, तेव्हा डोहाळजेवणाचा फणस चिरताना लागली होती आईला.”

रेणुकाने ते बोट उचलून रिकाम्या चौकटीत ठेवलं. मावशीने हात पुढे केला, पण लगेच मागे घेतला. हळद झडेल म्हणून इतकी वर्षं त्या कोपऱ्याला तिने कधी हात लावला नव्हता.

“लाव गं हात, मावशी,” रेणुका म्हणाली. “आता नाही पुसली जायची.”