राहिलेला चहा

विमानतळ प्राधिकरणाच्या तीस वर्षांच्या आराखड्यात चाकणजवळच्या या गावाच्या जागी मालवाहतुकीचा विमानतळ होता. आराखडा माझा, सोबतचा अहवालही माझाच. जनसुनावणीला शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. पण देवळाच्या सभामंडपात सुभद्राबाई नावाच्या आजींनी उठून अहवालाची झेरॉक्स माझ्यासमोर धरली. "नातीनं वाचून दावलं. तुमी घरोघरी येऊन इचारपूस केली, असं लिवलंय. मी तवा शेतावर आसंन. पाहुणा दारातनं बिनचहाचा गेला, लई वाईट वाटलं. आज चला." ते वाक्य मी ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलं होतं, गाव फक्त उपग्रहाच्या नकाशावर पाहिलं होतं. खरं सांगायला जीभ रेटेना. त्यांच्या मागोमाग बाहेर आलो. समोर तीन वाटा फुटत होत्या. आजी पदर सावरून बाजूला सरल्या. "व्हा फुडं, सायेब. घर तुमाला ठावंच हाय." मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो.