मुठीतली भाकर

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक अजून दोन बाक पुढे होतं. धाकटीने उजवा तळहात ड्रेसला घासून कोरडा केला. घामेजल्या हाताला भाकरीचा तुकडा चिकटतो आणि मग रुमालात नीट उतरत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं. बाकीचं काम सोपं. पाळकसाहेब "खा" म्हणाले की सगळी मंडळी डोळे मिटते, आणि डोळे मिटलेल्यांसमोर चोरी करायला कसब लागत नाही. जबडा जरा हलवायचा, मान खाली घालायची, झालं.

तुकडा तो केवढा! नखाएवढा. पण धाकटीच्या हिशेबात नखालाही जागा नव्हती. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी, संध्याकाळी प्रार्थना. महिला मंडळाने उपास पुकारला तेव्हा सगळ्याजणींनी हौसेने सुरुवात केली आणि एकेक करून गळाल्या. धाकटी गळाली नाही, नुसती वाळत गेली. "देह देवाचं मंदिर आहे," पाळकीणबाई सांगत. "मंदिर नीटनेटकं नको का?" त्यांची स्वतःची कंबर तीन बाळंतपणांनंतरही कॉलेजातल्या मुलीची, त्यामुळे त्यांच्या तोंडून हे जास्तच पटे. सभेत चहाबरोबर बिस्किटं आली की त्यांना नेमकी कुणाची तरी विचारपूस करायची आठवण होई.

धाकटीची आई तेव्हाच म्हणाली होती, "माझं मंदिर ऐसपैस आहे बाई. चार माणसं जास्तीची आली तरी कुणाला बाहेर उभं राहायला नको." सगळ्या खळखळून हसल्या. धाकटी तेवढी हसली नाही. आईशेजारी बसलं की बाक कोणत्या बाजूला दबतो, हे तिला दर रविवारी दिसायचं.

आज आई शेजारीच होती आणि कालपासून गप्प होती. काल कपडे भिजवताना तिला लेकीच्या ड्रेसच्या खिशात रुमाल सापडला, आणि रुमालात भाकरीचा वाळका तुकडा. मंडळीसाठी भाकर तीच भाजायची. आपल्या हातची भाकर तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतंच : "मुलीचं हृदय थकत चाललंय. आधी पोटात काही जाऊ दे, औषधाचं मग बघू." आणि भाकरीनंतर आज हीच मुलगी पुढे उभी राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं याची साक्ष देणार होती. विषय, 'शरीरावर विजय'. तिचं बघून गायनमंडळातल्या दोघींनी डबा आणणं बंद केलंच होतं.

तबक आलं. धाकटीने तुकडा उचलून मूठ मिटली. आईने काहीच न घेता तबक पुढे सरकवलं.

"सर्वांना मिळाली?" पाळकसाहेबांनी विचारलं. हा प्रश्न ते दर वेळी विचारत, आणि सगळे गप्प राहिले की तेच उत्तर समजून पुढे जात.

"मला नाही," आई म्हणाली.

माना वळल्या. तबकवाला गडबडला. "मावशी, तुमच्यासमोरूनच तर नेलं मी!"

"नेलंस रे बाबा. मीच घेतली नाही. मी लेकीच्या वाट्यातली घेणार आहे."

तिने धाकटीपुढे हात पसरला. धाकटीच्या कानशिलाची शीर उडताना दिसत होती.

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. एरवी कौतुकाने बघतातच की." मग आईचा आवाज एकदम खाली आला. "मोड. अर्धी तुला, अर्धी मला. आजपासून तू जेवशील तेवढंच मी जेवणार. तू टाकशील ते मीही टाकणार. माझं हे ऐसपैस किती दिवस पुरतं, बघू या."

आईने आजवर पोकळ धमकी दिलेली नव्हती. धाकटीला ते पक्कं ठाऊक होतं. तिची मूठ उघडेना. नखं तळहातात रुतली होती. पाळकसाहेब थांबले होते, सगळी मंडळी हातात भाकर धरून थांबली होती. शेवटी बोटं सुटली. तिने तुकडा मोडला, आईच्या हातावर अर्धा ठेवला आणि उरलेला तोंडात टाकला. बराच वेळ चावला. गिळताना डोळ्यांतून पाणी आलं.

"मीठ जास्त झालंय," ती पुटपुटली.

"मीठ तेवढंच आहे. तुझ्या तोंडाची सवय गेलीय."

मग सगळ्यांनी खाल्लं, आणि साक्षीसाठी धाकटीचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे गेली. घरून पाठ करून आणलेलं काहीच तिच्या तोंडून निघेना.

"उपास देवासाठी करतात," ती म्हणाली. "मी आरशासाठी उपाशी राहिले. देवाचं नाव पुढे केलं, कारण त्यावर कुणी उलट विचारत नाही. गेल्या खेपेची भाकर मी रुमालात लपवली होती."

पहिल्या बाकावरून पाळकीणबाई उठल्या, तशा बायका सावरून बसल्या. आता पोरीची चांगली खरडपट्टी निघणार. पण त्या धाकटीकडे गेल्याच नाहीत. मधल्या वाटेने मागे आल्या आणि आईच्या शेजारी, उरलेल्या जराशा जागेत, अंग चोरून बसल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मला एकटीला गिळता येत नाही हो."

आणि त्यांनी मांडीवरची पर्स उघडली. आतल्या कप्प्यात भाकरीचे तुकडे होते. आजचा अजून मऊ, बाकीचे वाळून खडे झालेले.